मजबूत टायर म्हणजे नक्की काय? भांडुपचा कारखाना, खडीचा रस्ता आणि एक जादा ब्रास

ज्यांचं मुलुंड ते कुर्ला लोकलमध्ये रेंज जाते, ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना मी दोन-तीनदा भरकटलो होतो, ते इथे सरळ केलंय.

आजचा विषय ट्रकचा टायर. इतिहासाच्या पॉडकास्टवर टायर कशाला, असं काही जण विचारतील. कारणं दोन आहेत. एक म्हणजे माझे काका. त्यांचे दोन टिपर ठाणे जिल्ह्यातल्या खाणींमधून खडी वाहतात. एका टिपरला दहा टायर लागतात, आणि एक टायर वीस-पंचवीस हजारांच्या आसपास जातो. म्हणजे पूर्ण संच बदलायचा तर दोन-अडीच लाख. काका मला म्हणाले, "तू इंजिनियर ना? मग सांग, कुठला टायर टिकेल?" मी बीटेक केलंय, पण कोड लिहितो. तरी काकांना हे कोण समजावणार!

दुसरं कारण एका श्रोत्याचा मेसेज. त्याला मित्रांबरोबर हिवाळ्यात पिकअप घेऊन स्पितीला जायचंय. त्याचाही प्रश्न तोच: खडी आणि बर्फ दोन्हीवर चालेल असा मजबूत टायर कोणता?

दोघांना उत्तर शोधता शोधता मी आमच्याच भांडुपच्या इतिहासात जाऊन पोचलो. चला, सुरुवातीपासून बघू.

रबराच्या आधी: धाव

टायरला जुना मराठी शब्द आहे, तो म्हणजे धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते, ती धाव. ती बसवायची पद्धत भारी होती. लोहार चाकापेक्षा किंचित लहान कडं बनवायचा, ते लालबुंद तापवायचा, तापल्यावर ते फुगलं की चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. कडं आकसलं की सगळे आरे आणि लाकडाचे तुकडे घट्ट आवळले जायचे. खिळ्यांपेक्षा त्या आकसण्याचीच पकड मोठी. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली, की गाडीवान चाक पाण्यात बुडवून ठेवायचे. थोडक्यात, चाक टिकवायचं तर हवामान बघावं लागतं, हे ज्ञान आपल्याकडे रबराच्या आधीपासून होतं.

धाव टिकायची खूप, पण सगळा हादरा गाडीला, बैलांना आणि मालाला बसायचा. रस्त्यालाही ती कापत जायची. आणि आमच्या दारावरून जाणारा रस्ता काही साधासुधा नव्हता. आज ज्याला आपण एलबीएस मार्ग म्हणतो, तो जुना आग्रा रोड. मुंबईहून ठाणे, मग थळ घाट म्हणजे आपला कसारा घाट, मग नाशिक आणि पुढे उत्तर हिंदुस्थान.

इथे भांडुपचा एक किस्सा सांगायलाच हवा. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले होते. मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ-भोर घाटांपर्यंत रेल्वे न्यावी, ही कल्पना त्यांना त्या भेटीत सुचली असं रेल्वेच्या इतिहासात सांगितलं जातं. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि ती भांडुपच्या बाजूनेच गेली. घाटापलीकडचा माल मुंबईत कसा आणायचा, हा प्रश्न आमच्या गावात इतका जुना आहे. रेल्वेने त्याचं अर्धं उत्तर दिलं. उरलेलं अर्धं पुढे ट्रकने दिलं.

रबर आलं, हवा आली

कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता वापरून ते पक्कं करायची युक्ती शोधली, तेच व्हल्कनायझेशन. पंक्चरवाल्याकडे 'व्हल्कनायझिंग' असा बोर्ड दिसतो ना, तो शब्द तिथून आला. १८४५ मध्ये स्कॉटिश इंजिनियर रॉबर्ट थॉमसनने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, पण तेव्हा कुणाला त्याची गरज वाटली नाही. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट पुन्हा बनवली, आणि या वेळी सायकलींचा जमाना आलेला होता. ती चालली.

सुरुवातीचे टायर काळे नव्हते, फिकट पांढरे असायचे. मिशेलिनचा जाडजूड माणूस पांढरा आहे, कारण तो १८९८ चा आहे. नंतर रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळली की ते झिजायला खूप जास्त वेळ घेतं हे लक्षात आलं. टायरचा काळा रंग म्हणजे त्याच्या टिकाऊपणाचीच खूण.

आणि रबराच्या आत काय? दोरा. हवेचा दाब रबर धरत नाही, आतल्या दोऱ्यांचे थर धरतात. आधी ते सुती होते, मग रेयॉन, मग नायलॉन. काकांच्या टायरवर '१६ पीआर' असं लिहिलंय. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. सुती दोऱ्याच्या काळात खरोखर तितके थर असायचे. आता थर कमी असतात, पण ताकद तितक्या सुती थरांएवढी आहे असं त्या आकड्याने कळतं. म्हणजे २०२० नंतर बनलेल्या टायरवरही सुती टायरची आठवण छापलेली असते. आमच्या कोडबेसमध्येही अशी जुनी नावं सापडतात.

तुरिनहून भांडुपला

भारतात टायरचे मोठे कारखाने विसाव्या शतकात आले. डनलॉपने १९३६ मध्ये बंगालमध्ये साहागंजला कारखाना काढला. मुंबईत शिवडीला फायरस्टोन आली. मग स्वातंत्र्य आलं, पंचवार्षिक योजना आल्या, धरणं, पोलाद कारखाने आले, आणि हे सगळं वाहून न्यायला ट्रक लागले. आमच्याच आग्रा रोडवर, कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाईल्स डॉज आणि फार्गोचे ट्रक बनवत होती. जमशेदपूरला १९५४ पासून टाटा आणि मर्सिडीज-बेंझचे ट्रक बनू लागले.

१९५८ मध्ये मुंबईत एक कंपनी नोंदली गेली: सीएट टायर्स ऑफ इंडिया. सीएट हे इटालियन नावाचं संक्षिप्त रूप आहे, 'कावी एलेत्रिची ए अफिनी तोरिनो'. म्हणजे 'तुरिनच्या विजेच्या केबल आणि तत्सम वस्तू'. व्हिर्जिनियो ब्रूनी तेदेस्की यांनी १९२४ मध्ये तुरिनला ती कंपनी सुरू केली होती. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांची पत्नी, गायिका कार्ला ब्रूनी, याच घराण्यातली. भारतात ही कंपनी टाटा समूहाच्या साथीने आली आणि कारखाना उभा राहिला भांडुपला, नाहूरच्या व्हिलेज रोडवर. १९८२ मध्ये ती आरपीजी समूहाकडे गेली आणि १९९० मध्ये नाव नुसतं 'सीएट' झालं.

भांडुपच का? एका बाजूला मध्य रेल्वे, दुसऱ्या बाजूला आग्रा रोड, जवळच बंदर, आणि कोकण-घाटावरून येणारी कामगार मंडळी. एशियन पेंट्स, जीकेडब्ल्यू असे कारखाने याच पट्ट्यात होते. आज तिथे बऱ्याच ठिकाणी टॉवर आणि मॉल दिसतात. आम्ही मुलं शाळेत जाताना ज्या भिंतीकडेने जायचो, तिच्या आत देशभरच्या ट्रकचे पाय बनत होते, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

त्या काळचा मजबूत टायर

आता मुख्य मुद्दा. त्या काळी आपल्याकडे ट्रकला लागायचा तो क्रॉस-प्लाय टायर. गॅरेजमध्ये त्याला सरळ 'नायलॉन' म्हणतात. त्यात दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेद देत, एकावर एक असतात. खाटेची नवार जशी विणलेली असते, साधारण तसं. बाजूची भिंत जाड होते. दगड लागला तरी सहसा फाटत नाही. फाटलीच तर रस्त्याकडेचा कुठलाही पंक्चरवाला आतून पॅच लावून, व्हल्कनाइझ करून देतो.

तोटा असा, की टायर फिरताना हे थर एकमेकांवर घासतात आणि तापतात. वेग वाढला, वजन वाढलं किंवा हवा कमी झाली की आणखी तापतात. कसारा चढून-उतरून आलेल्या ट्रकच्या टायरला हात लावून बघा, चटका बसतो.

१९४६ मध्ये मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट घेतलं. त्यात दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. भिंत पातळ आणि लवचिक, माथा मात्र घट्ट. टायर कमी तापतो, हळू झिजतो, डिझेल कमी लागतं. युरोपात १९५० च्या दशकात तो ट्रकला लागला. आपल्याकडे मात्र एकविसावं शतक उजाडलं तेव्हाही जवळजवळ सगळे ट्रक नायलॉनवरच होते.

लोक म्हणतात, आपण मागासलेले होतो. मला ते पटत नाही. त्या काळचे रस्ते बघा. १९७२ चा दुष्काळ आठवा, म्हणजे घरातल्या मोठ्यांना विचारा. लाखो माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. बायका डोक्यावर पाट्या वाहत होत्या. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. महाराष्ट्रातले कितीतरी गावरस्ते त्या हातांनी फोडलेल्या खडीवर आणि मुरुमावर झाले. त्यावर ट्रक धान्य घेऊन जायचा, कापूस घेऊन यायचा, ऊस कारखान्यावर न्यायचा. अशा रस्त्यावर पातळ भिंतीचा महाग टायर लावून काय मिळालं असतं? धारदार खडीने भिंत कापली की पोलादी तारांपर्यंत पाणी जातं, तारा गंजतात आणि टायर संपतो. शिवाय रेडियलला हवेचा दाब काटेकोर लागतो. तेव्हा रस्त्यात दाब मोजायचं साधन म्हणजे चाकावर मारलेला हातोडा आणि क्लीनरचा कान.

म्हणजे नायलॉन टायर हे त्या रस्त्याला दिलेलं शहाणपणाचं उत्तर होतं. पण त्या उत्तरात एक गोष्ट लपून राहिली.

जादा ब्रासचा हिशोब

ती गोष्ट म्हणजे ओव्हरलोड. जाड भिंतीचा टायर जादा वजन निमूट सहन करतो, निदान काही काळ. मग मालक म्हणतो, "चालतंय की!" टायरने सहन केलं, म्हणून ट्रकने उचललं, म्हणून भाडं कमी झालं, आणि भाडं कमी झालं म्हणून पुढच्या खेपेला सगळ्यांनाच जादा भरावं लागलं.

काकांच्या धंद्यात खडी ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. त्यात साधारण सव्वाचार टन खडी बसते. तीन धुऱ्यांचा रिकामा टिपर साधारण अकरा टन धरू. चार ब्रास भरली तर एकूण २८ टन. पाच भरली तर सव्वाबत्तीस टन. भाडं २५ टक्के जास्त, एकूण वजन १५ टक्के जास्त. धंदा बरा वाटतो ना?

आता रस्त्याच्या बाजूने बघा. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात ऑटावा गावाजवळ एक मोठी चाचणी झाली. वेगवेगळ्या वजनांचे ट्रक ठरावीक रस्त्यांवर दिवसरात्र फिरवले आणि कोणता रस्ता कधी मोडतो ते नोंदवलं. त्यातून एक ढोबळ नियम निघाला: धुऱ्यावरचं वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, तर नुकसान सोळापट. आपल्या पाचव्या ब्रासला हा नियम लावला तर वजन १.१५ पट आणि नुकसान सुमारे पावणेदोन पट. मालकाला जे २५ टक्के मिळाले, त्यासाठी रस्त्याने ७५ टक्के जादा मोजले. मग तो रस्ता खड्ड्यांचा होतो, आणि त्याच खड्ड्यात त्याच मालकाचा टायर कापला जातो. या चक्रात सगळ्यात स्वस्त समजला जातो तो ड्रायव्हरचा जीव. घाट उतरताना पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

हे चक्र सुटायला टायरच्या कारखान्याबाहेर बदल व्हावे लागले. १९९९ नंतर सुवर्ण चतुष्कोनाचं काम सुरू झालं, २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण झाला. नोव्हेंबर २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की काही राज्यं पैसे भरून घेऊन जादा वजनाला जी मोकळीक देतात ती कायद्यात बसत नाही. २०१८ मध्ये केंद्राने मर्यादाच वाढवली, तीन धुऱ्यांच्या ट्रकला २५ वरून २८.५ टन. आणि २०१९ च्या दुरुस्तीने ओव्हरलोडचा दंड २ हजारांवरून २० हजार झाला, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. रस्ता सुधारला, वजनाला थोडा लगाम बसला, तेव्हा कुठे रेडियल परवडायला लागला. महामार्गावरच्या ट्रकांनी मग झपाट्याने तो स्वीकारला. तंत्रज्ञान अर्धशतक आधीच तयार होतं. ते वापरता येईल अशी परिस्थिती तयार नव्हती.

मग खडीवर कुठला टायर?

आता काकांचं उत्तर. काकांकडे एक वही आहे. कुठला टायर कधी लावला, कधी काढला आणि का काढला, सगळं त्यात. मी ती एका रविवारी एक्सेलमध्ये चढवली. झिजून काढलेले टायर कमी निघाले. कापले गेले, भिंत फुटली, दगड रुतला, असे जास्त. गंमत बघा: टिपरचे बहुतेक किलोमीटर डांबर आणि काँक्रीटवर होतात, पण टायर मरतो खाणीतल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये. आणि पावसाळ्यात जास्त मरतो. त्यालाही कारण आहे. ओलं रबर कोरड्यापेक्षा खूप सहज कापलं जातं, पाणी धारेला वंगणासारखं काम करतं. भांडुपच्या पावसात हे आम्हाला वेगळं शिकवायला नको होतं, तरी वहीत दिसल्यावर पटलं.

त्यावरून आम्ही ठरवलं ते असं.

पहिलं, पुढचे दोन आणि मागचे आठ टायर एकसारखे घ्यायचे नाहीत. पुढे रिब, म्हणजे लांब सरळ खाचांचा टायर. तो दिशा नीट धरतो. मागे लग, म्हणजे जाड ठोकळ्यांचा टायर. तो चिखलात आणि सुट्या खडीत पकड घेतो.

दुसरं, मागचा टायर 'मिक्स्ड सर्व्हिस' किंवा खाणकामासाठी बनवलेला हवा. त्याचं रबर कापलं जाण्याला जास्त दाद देत नाही, आणि खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते अडकलेला दगड बाहेर ढकलतात. हे महत्त्वाचं आहे, कारण खाचेत रुतलेला दगड प्रत्येक फेऱ्याला गिरमिटासारखा आत शिरत जातो आणि शेवटी पोलादी पट्ट्यापर्यंत पोचतो. खाणीतून बाहेर पडल्यावर खाचांमधले आणि मागच्या जोडचाकांच्या मधले दगड काढणं, हे पाच मिनिटांचं काम एक टायर वाचवतं.

तिसरं, टायरवरचा लोड इंडेक्स वाचायचा. समजा १०.०० आर २० मापाच्या टायरवर १४६/१४३ लिहिलंय. १४६ म्हणजे एकटा लावला तर ३००० किलो, १४३ म्हणजे जोडीत लावला तर प्रत्येकी २७२५ किलो. पुढचे दोन मिळून ६ टन, मागचे आठ मिळून २१.८ टन, एकूण २७.८ टन. म्हणजे पाचवी ब्रास सोडा, कायद्याने चालणारे २८.५ टनही या संचाच्या क्षमतेबाहेर! तोच टायर १४९/१४६ चा घेतला तर एकूण ३०.५ टन होतात. मालक ब्रँडवर तासभर भांडतात आणि हे दोन आकडे वाचत नाहीत.

चौथं, हवा. कमी हवेत भिंत जास्त वाकते आणि तापते. जास्त हवेत टायर दगडासारखा ताठ होतो आणि खडीवर लवकर कापला जातो. दाब थंड टायरवर, गेजने मोजायचा. हातोड्याने नाही.

पाचवं, साचा वाचवायचा. चांगल्या टायरवर नवा थर चढवून, म्हणजे रिमोल्ड करून, त्याला दुसरा जन्म देता येतो. पण टायर पूर्ण गोटा होईपर्यंत, तारा दिसेपर्यंत चालवला तर रिमोल्डलाही उपयोगाचा राहत नाही. आणि रिमोल्ड केलेला टायर पुढे लावायचा नाही, मागेच.

रेडियल की नायलॉन? काकांच्या गाड्या बराच वेळ हायवेवर असतात, म्हणून रेडियल. ज्याचा टिपर दिवसभर खाणीतच, कमी वेगात फिरतो, त्याने आजही नायलॉन घेतला तर मी त्याला जुन्या वळणाचा म्हणणार नाही.

पाचव्या ब्रासवर मात्र काका आणि मी अजून भांडतोय. त्यांचं म्हणणं, "मी चार भरली आणि बाजूच्याने पाच, तर बिल्डर कोणाला बोलावेल?" याला टायरच्या दुकानात उत्तर नाही. ते वजनकाट्यावर आहे, दरात आहे, आणि बिल्डर काय मागतो त्यात आहे.

आणि बर्फात?

आता स्पितीवाल्या मित्राकडे. हिमालयातले सरहद्दीचे रस्ते १९६० मध्ये स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेने बांधले आणि सांभाळले. २०२० मध्ये मनालीजवळचा अटल बोगदा सुरू झाल्यावर लाहौलकडे जाणं सोपं झालं. म्हणून मुंबई-पुण्याची पोरं आता हिवाळ्यातही जातात. रस्ता उघडा असला तरी रबराला थंडी वाजायची थांबत नाही.

साध्या टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. मग नक्षी कितीही खोल असो, बर्फावर ते पाटीवरच्या खडूसारखं घसरतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फ पकडतात. म्हणून दुकानदार ऑल-टेरेन टायर दाखवून "बर्फात पण चालतो भाऊ" म्हणाला तर भिंतीवरच्या खुणा बघा. नुसतं 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, हे कंपनी स्वतःच्या भरवशावर लिहू शकते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण असेल, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. ही खूण १९९९ पासून वापरात आहे. कॅनडात क्युबेकमध्ये तर २००८ पासून हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. तिथल्या मराठी घरांत दरवर्षी थंडीच्या तोंडावर टायर बदलणं हे दिवाळीच्या साफसफाईसारखं ठरलेलं काम.

आणि काळ्या बर्फावर, म्हणजे काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर, हिमकणवाला टायरही पुरत नाही. तिथे चेन लागते. चेन लावायला मुंबईत, घरासमोर, कोरड्या हातांनी शिका. शून्याखाली बधिर बोटांनी पहिल्यांदा शिकायची वेळ आणू नका. हिवाळी टायर मिळत नसेल तर स्थानिक ड्रायव्हरची गाडी घ्या. त्यात कसलाही कमीपणा नाही.

तर मजबूत म्हणजे काय?

धावेपासून हिमकणापर्यंत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. टायर एकटा मजबूत नसतो. किती वजन, कसला रस्ता, कसलं हवामान आणि किती हवा, हे आधी ठरतं. टायर त्यानंतर. हे चार प्रश्न न विचारता घेतलेला सगळ्यात महाग टायरही पहिल्याच पावसात खाणीत राहतो.

आज एक काम करा. घराखाली ट्रक, टेम्पो, नाहीतर तुमचीच बाईक उभी असेल. वाकून टायरची भिंत वाचा. चार आकड्यांचा एक गट सापडेल, उदाहरणार्थ २३२४. म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा, टायरची जन्मतारीख. बाजूला लोड इंडेक्स असेल. खाचेच्या तळाशी छोटा उंचवटा असेल. नक्षी त्याच्या बरोबरीला आली, की टायर बदलायची वेळ झाली.

वाचून झालं की फोटो काढून मला पाठवा आणि सोबत लिहा, ती गाडी कुठल्या रस्त्यावर चालते. निवडक फोटोंवर पुढच्या भागात बोलू. तोपर्यंत हवा तपासा, हळू चालवा. भेटूया!